वरचा प्रोसेसर

पुणे,
२२ ऑगस्ट २००४

ओमदादा,

काल तू फोन मध्येच ठेवलास. मागच्या रविवारीही ठेवला होतास. ई-मेल पाठवावी तर तू ती उघडत नाहीस. गेमिंगचं दुकान काढायला निघालेल्या माणसाने ही गोष्ट बाहेर कोणाला सांगू नये. म्हणून कागदावर लिहितेय. कागद आपटता येत नाही.

गेल्या दिवाळीत आपलं काय ठरलं ते आधी लिहिते, म्हणजे पुढे वाद नको. फुलं बांधायच्या शेडचा रस्त्याकडचा भाग आपण दोघांनी घ्यायचा. जागा, परवाने, गिऱ्हाईक तू बघायचं. मशिनं मी बघायची. दुकान दोघांचं, निम्मं-निम्मं. दसऱ्याला सुरू करायचं आणि त्याआधी मी इथली नोकरी सोडून मखमलाबादला यायचं. तुझे तात्या आणि माझे आप्पा दोघेही समोर बसले होते. कोणी नाही म्हटलं नव्हतं.

आता मशिनांबद्दल. फोनवर तू प्रोसेसरबद्दल तिसऱ्यांदा म्हणालास, "३.४ वालाच घेऊ, सगळ्यात वरचा." का, ते विचारलं तर म्हणालास, "वरचा आहे म्हणून." हे कारण नाही.

प्रोसेसर हिशेब करतो. गोळी कोणाला लागली, गाडी कुठे वळली, हे तो ठरवतो. पण पडद्यावर दिसणारं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. सेकंदाला चाळीस-पन्नास चित्रं निघाली तर खेळ सरळ चालतो. पंधरा निघाली तर अडखळतो. वेगळं कार्डच नसेल तर हे काम मदरबोर्डवरच्या लहान चिपवर पडतं, आणि तिला ते झेपत नाही. मग प्रोसेसर कितीही वरचा असला तरी तो नुसता तिची वाट बघत बसतो.

आपले पैसे ठरलेले आहेत. ३.४ घेतला तर कार्डासाठी काही उरत नाही. मधला २.४ घेतला तर चांगलं कार्ड बसतं आणि मेमरी दुप्पट होते. शिवाय वरचा जवळजवळ दीडपट तापतो. आपल्या शेडवर पत्रे आहेत आणि दसरा ऑक्टोबरात येतो.

आठ मशिनं, मधला प्रोसेसर, वेगळं कार्ड. संपूर्ण यादी सोबत आहे. ती तशीच्या तशी दुकानदाराला दे. काही बदलायचं असेल तर आधी मला विचार.

निकिता


मखमलाबाद, नाशिक
३० ऑगस्ट

चि. निकितास,

अनेक आशीर्वाद. (मोठा भाऊ आहे. घ्यावेच लागतील, मॅडम.)

तुझं पाकीट आधी तात्यांनी फोडलं. त्यांना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "पोरीनं लय भारी लिव्हलंय, पन घरात कोन जितं हाय का मेलंय, त्याची चौकशी कुठंच नाय." तर सगळे जिवंत आहेत. तुझे आप्पा झेंडूत आहेत, मी शेडच्या खडीत आहे, आमचा साई तीन वर्षांचा होऊन सगळ्यांना अरे-तुरे करतोय.

तुझं म्हणणं समजलं. पण तू पुण्यात बसून मशीन बघतेस, मी इथे गिऱ्हाईक बघतो. कॉलेजच्या पोरांना नुसतं सांगितलं की गेम झोन काढतोय, की पहिला प्रश्न, "किती गिगाचा?" ट्रॅक्टर घेतला की चावडीवर एचपी विचारतात, तसं. ३.४ म्हटलं की डोळे चमकतात. २.४ म्हटलं की तोंड पाडून म्हणतात, "ठीक आहे, काका." काका! मी अठ्ठावीसचा आहे गं.

तात्यांचंही तेच. "बारीक झेंडूला बाजारात कोन इचारतं? घ्यायचं तं टपोरं घ्यावं." नाशकात शालिमारला जयरामशेठ म्हणून कॉम्प्युटरचे मोठे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे जाऊन आलो. तेही म्हणाले, वरचंच घ्या.

पण तू सांगशील तसं. मशिनं तुझी, हे मी कबूल केलंय आणि ओमचा शब्द म्हणजे शब्द.

एकच सांगतो, राजीनाम्याची घाई करू नकोस. आधी दुकान उभं राहू दे. तुझं चांगलं चाललंय तिथे.

तुझा,
ओमदादा


पुणे,
१२ सप्टेंबर

ओमदादा,

व्यापारी वरचंच घ्या म्हणणार. तो त्याचा धंदा आहे. जयरामशेठना एवढंच विचार की कार्डाशिवाय गेम चालवून दाखवता का. उत्तर काय येतं ते मला कळव.

तुझ्यासाठी मी तेही करून पाहिलं. काल ओळखीच्या दुकानात दोन मशिनं जोडली. एकात ३.४, कार्ड नाही. दुसऱ्यात २.४ आणि यादीतलं कार्ड. दोन्हींवर एकच गाड्यांची शर्यत लावली. वरच्या प्रोसेसरवर सेकंदाला चौदा चित्रं निघाली. मधल्यावर त्रेपन्न. दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, पहिली गाडी पंक्चर आहे का?"

ट्रॅक्टरचं म्हणालास. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर नांगर न जोडता रानात फिरवून बघ आणि किती रान नांगरून झालं ते सांग. कॉलेजची पोरं पहिला प्रश्न गिगाचा विचारतील. दुसऱ्या दिवशी यायचं की नाही, हे ती खेळून ठरवतील. "काका" तर ती तुला दोन्हीकडून म्हणणार आहेत.

राजीनाम्याची घाई करू नकोस असं लिहिलंस. का, ते लिहिलं नाहीस. शुक्रवारी मी राजीनामा दिला. महिनाभराची मुदत आहे, पंधरा ऑक्टोबरला मोकळी होईन. साहेबांनी दोनदा विचारलं की विचार केलाय का. मी सांगितलं, गेल्या दिवाळीपासून करतेय.

यादी पुन्हा जोडली आहे. ऑर्डर दिलीस की कळव. मशिनं आली तर खोकी उघडू नका, मी आल्यावर जोडेन. अर्थिंगसाठी वायरमनला आत्ताच सांग, दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणी मिळत नाही.

घरी सगळे बरे असतील. (तात्यांना वाचून दाखव.)

निकिता


मखमलाबाद,
६ ऑक्टोबर

चि. निकितास आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला. शेडचं काम, त्यात दसऱ्याचा माल, पहाटे फुलबाजार. हाताला झेंडूचा वास इतका बसलाय की जेवताना भाजीलाही तोच येतो.

आता रागवायचं नाही, असं आधी कबूल कर.

मशिनं आली. आठ. सगळी ३.४ ची. अगं, चेहरा बघण्यासारखा झाला असेल तुझा! तात्यांनी ऐकलंच नाही. जयरामशेठनेही गळ घातली. कार्डं नंतर घेऊ, धंदा एकदा सुरू झाला की एकेक करून टाकू, जागा आहेच ना त्यात. आणि जोडून, सॉफ्टवेअर भरून सगळं तयार आलंय. तुला काही त्रासच नको. तू आता पाहुणीसारखी ये आणि फीत कापताना शेजारी उभी राहा.

बोर्ड बघशील तर खूश होशील. लाल अक्षरात "३.४ गिगाहर्ट्झ", रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं.

निमंत्रणपत्रिका सोबत ठेवतोय. घाईत छापली, काही राहिलं असेल तर समजून घे.

दिंडोरीचे पाहुणे उद्घाटनाला येणार आहेत. द्राक्षबाग आहे, मुलगा बँकेत. काका, म्हणजे तुझे आप्पा, म्हणाले, निकिताला साडीत ये म्हणावं.

ओमदादा


पुणे,
११ ऑक्टोबर

ओमदादा,

पत्रिका मिळाली. घाईत छापलेली वाटत नाही. सोनेरी कडा आहे, गणपती आहे, दोन्ही कुलदैवतं आहेत. "आपले विनीत" म्हणून तात्या आहेत, आप्पा आहेत, तू आहेस. प्रोप्रायटर म्हणून पुन्हा तू आहेस, एकटा. आणि तळाशी, लग्नपत्रिकेत घालतात तशी ओळ: "आमच्या पप्पांच्या गेम झोनला यायचं हं! – चि. साई."

साईला अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही. त्याचं नाव आहे. माझं नाही.

मी पत्रिका उलटून पाहिली. वाटलं, मागे असेल. मागे छापखान्याचं नाव आहे.

म्हणजे निम्म्या मालकिणीपेक्षा छापखाना वर. हे राहून गेलेलं नाही. राहून जातं ते पिन कोड, नाहीतर वेळ. चार माणसांनी मजकूर वाचला असेल, मुद्रितं तपासली असतील. चौघांपैकी एकालाही एका माणसाची आठवण झाली नाही, असं होत नाही. झाली, आणि तोंड मिटून घेतलं, असं होतं.

आता प्रोसेसर. मी यादी दिली, कारण सांगितलं, करून दाखवलं. तू "ओमचा शब्द म्हणजे शब्द" असं लिहिलंस. तो शब्द सहा आठवडेही टिकला नाही. तात्यांनी ऐकलं नाही, जयरामशेठने गळ घातली. तू काय करत होतास? तुझ्या सगळ्या पत्रांत प्रत्येक निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो. प्रोप्रायटर म्हणून मात्र तू एकटा.

माझी नोकरी शुक्रवारी संपते. माझ्या जागेवर घेतलेला मुलगा शेजारच्या टेबलावर बसलाय, मी त्याला काम शिकवतेय. तू "घाई करू नकोस" लिहिलंस तेव्हाच तुला माहीत होतं. सरळ लिहिलं असतंस तर आज मी या टेबलावर असते.

मी उद्घाटनाला येणार नाही. दिंडोरीच्या पाहुण्यांना मशिनं दाखवा. ती साडीशिवायही दिसतात.

एक प्रश्न आहे, त्याचं सरळ उत्तर दे. नाव कोणी काढलं?

निकिता


मखमलाबाद,
२७ ऑक्टोबर

निकिता,

बस झालं आता. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मोठ्या भावाला असं लिहितात? चार बुकं शिकलीस म्हणजे आम्ही सगळे गाढव?

सरळ उत्तर हवंय ना? घे. नाव तुझ्या आप्पांनी काढायला सांगितलं. मी नाही. माझ्यासमोर म्हणाले, "गेम खेळायला पोरं येनार, टवाळ पोरं. तिथं बोर्डावर पोरीचं नाव नको. स्थळं बघतोय, कोनी नाव ठेवलं मंजे?" मी काय करू? काकांच्या तोंडावर बोलू?

आणि त्यांचं चुकलं कुठे? तू उद्या लग्न करून जाशील. दिंडोरीला जा, नाहीतर अमेरिकेला जा. मग इथे कोण? तुझ्या यादीतलं मशीन तुझ्याशिवाय कोणाला उघडता येणार होतं? हे कार्ड, ते ड्रायव्हर, अमुक सेटिंग. जयरामशेठ वरच्या मशिनांवर वर्षभर माणूस देतात. फोन केला की माणूस हजर. तू यादीत दिलेल्या मालावर तो नियम नव्हता. काका म्हणाले, "मंग वरचंच घ्या, पोरीला अडकून नको पडायला." तुझ्या भल्यासाठीच केलं सगळं. उलट तूच आमच्यावर.

दसऱ्याला चारशे माणूस आलं. सगळ्यांनी विचारलं, निकिता कुठेय. खोटं सांगता सांगता माझी जीभ सुकली. सांगितलं, ताप आलाय. दिंडोरीच्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं. काका त्या दिवसापासून माझ्याशीही धड बोलत नाहीत.

आणि आता ऐक, हसायचं असेल तर हस. मशिनं चालत नाहीत. गेम अडखळतो तो अडखळतोच, पण दुपारी बारानंतर एकेक मशीन आपोआप बंद पडतं. काल तर पाच एकदम गेली. पोरं ओरडतात, "काका, ३.४ कुठे गेलं?" बोर्डाखाली कोणीतरी खडूने "रे देवा" लिहून ठेवलंय. जयरामशेठना फोन केला, म्हणाले, माणूस पाठवतो. अजून आला नाही.

तू आलीस तर अर्ध्या तासाचं काम आहे. राग गिळ आणि ये. घरचं दुकान आहे.

ओम


नाशिक रोड,
७ नोव्हेंबर

ओमदादा,

काल मी शेडवर येऊन गेले. तू फुलबाजारात होतास. तात्यांनी सांगितलं असेलच, पण काय झालं ते माझ्याकडून वाच.

पत्ता बघितलास ना? अठरा ऑक्टोबरपासून मी नाशिक रोडला खोली घेऊन राहतेय. दसऱ्याला चारशे माणसांना तू मला ताप आल्याचं सांगत होतास, तेव्हा मी सात-आठ मैलांवर होते.

नाशिकला आल्यावर पहिल्यांदा जयरामशेठकडे गेले. भांडायलाच गेले होते. विचारलं, कार्ड नसताना गेम चालत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं का? त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या भावाने तुमचा कागद मला दाखवला होता. मी म्हटलं, हे ज्यानं लिहिलंय त्याचं ऐका, यात एक अक्षर बदलू नका. ते म्हणाले, लिहिणारी लग्न करून जाणार आहे, आम्हाला तिच्यावाचून चालेल असं काहीतरी द्या. आता गिऱ्हाइकाने हेच मागितलं तर मी काय करू?"

म्हणजे त्यांनी गळ घातली नव्हती. तू माझ्याकडे त्यांचं खोटं सांगितलंस, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून त्यांना पत्रात नावं ठेवली. त्यांची मी माफी मागितली. मग ते म्हणाले, "असा कागद लिहिणारं माणूस त्यांना नको असेल तर मला पाहिजे." एक तारखेपासून मी त्यांच्याकडे दुरुस्ती विभाग बघते. तुझ्या तक्रारीचा कागद माझ्या टेबलावर आला.

तुझं मागचं पत्र पुण्याहून फिरून माझ्याकडे आलं, ते मी तीन वेळा वाचलं. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्हाला प्रोसेसर कळत नाहीत म्हणून तुम्ही चुकलात. तुम्ही चुकला नव्हतात. मधलं मशीन घेतलं असतं तर मी लागले असते. वरचं घेतलं की मी लागत नाही. तेवढ्यासाठी आठ मशिनं वाया घालवलीत. हे "भल्यासाठी" म्हणून लिहितोस, तेव्हा तुझा हात कसा थांबत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता कालचं. मी आत गेले तर तात्या गल्ल्यावर बसले होते.

"आगं निकिता! ताप उतरला का?"

"मला ताप नव्हता, तात्या. मशिनं बघायला आलेय."

"ऱ्हाऊ दे गं. त्याला कंपनीचा मानूस येनार हाय."

"मीच आलेय कंपनीकडून."

त्यांनी माझ्या मागे दारापर्यंत बघितलं, आणखी कोणी येतंय का. नंतर मशिनांकडे हात केला.

आठही कॅबिनेटवर झेंडूच्या माळा होत्या. जाड, दुपदरी. दसऱ्याच्या असतील तर वाळलेल्या हव्या होत्या, पण या ताज्या होत्या. मी विचारलं. तात्या म्हणाले, "दसऱ्यानंतर भाव पडला. माल उरतो, तो फेकायचा का? रोज नवी माळ घालतो. देखनं दिसतं, आन मशीनबी आपली लक्ष्मीच." माळा मागून सोडलेल्या होत्या. गरम हवा जिथून बाहेर पडते ती जाळी फुलांनी बुजली होती.

मी पहिलं कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. काही वाळून करपल्या होत्या. खाली उदबत्तीची राख. मदरबोर्डवर एका ठिकाणी हळदीकुंकू. पूजेच्या दिवशी तुम्ही झाकण उघडून आत वाहिलंत का, असं विचारलं. "मंग! लक्ष्मी भाईरून पुजायची का?" असं तात्या म्हणाले. आपण चार पिढ्या फुलं पिकवतो. फुलं आणि यंत्र एकत्र आली तर काय होतं, याचा विचार आपण का करू? आपण ती घालतो आणि नमस्कार करतो.

मधला प्रोसेसर एवढ्याने कदाचित बंद पडला नसता. वरचा दीडपट तापतो, हे मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. खूप तापला की तो जळू नये म्हणून मशीन स्वतः बंद होतं. ते बिचारं जीव वाचवत होतं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याला नवी माळ घालत होतात.

आठही मशिनं साफ केली. पंखे पुसले, प्रोसेसरवरची उष्णता खेचणारी पेस्ट बदलली, माळा उतरवून तात्यांच्या हातात दिल्या. भर दुपारी सगळी एकदम चालवून दाखवली, एकही बंद पडलं नाही. तेवढ्यात चार-पाच कॉलेजची मुलं आली, तर तात्या गल्ल्यावरून उठून त्यांना म्हणाले, "आमच्या घरचीच पोरगी हाय! इंजिनेर!"

मी म्हटलं, "मघाशी कंपनीचा माणूस हवा होता तुम्हाला."

मुलं हसली. तात्यांना वाईट वाटलं. वाटू दे.

निघताना आप्पा दारात भेटले. शेतातून आले होते, हातात विळा होता.  मी विचारलं, नाव तुम्ही काढायला लावलंत?

"तुझ्यासाठीच गं बाई. पोरांच्या गर्दीत—"

"आप्पा, पुण्याच्या कारखान्यात मजल्यावर तीस पुरुष होते आणि मी एकटी होते. तीन वर्षं. तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत."

"ते लांब व्हतं," ते म्हणाले.

त्यांच्यापुरतं ते खरं आहे. लांब असले की मी अभिमानाची, रस्त्याकडच्या बोर्डावर आले की काळजीची. मी त्यांना नमस्कार केला आणि आले. घरात गेले नाही.

गेम अजून अडखळतो. तो अडखळणारच. साफसफाई करारात आहे. चुकीची निवड दुरुस्त करून देणं करारात नाही.

निकिता


मखमलाबाद,
१६ नोव्हेंबर

निके,

काल भाऊबीज झाली. पाट मांडला होता. मी रात्रीपर्यंत जेवलो नाही, मग तुझी वहिनी म्हणाली, ती येत नसते, उठा.

तात्या, काका, सगळ्यांची नावं मी पत्रात पुढे केली, हे तू बरोबर धरलंस. मला काकांना अडवता आलं असतं. आपलं दिवाळीत ठरलंय एवढं म्हटलं असतं तरी ते गप्प बसले असते. मी म्हटलं नाही. खरं सांगू? तुझा कागद वाचून मला धडकी भरली. एवढं नेमकं. म्हटलं, ही आली की पोरं हिलाच विचारणार, व्यापारी हिच्याशीच बोलणार, आणि मी गल्ल्यावर सुट्टे पैसे मोजत बसणार. दुकान निम्मं-निम्मं म्हणायचं आणि असणार सगळं तुझं. तात्यांनी, काकांनी नाही म्हटलं तेव्हा मला आतून बरंच वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता ऐक. ओवाळणी ठरवली आहे. दुकानाचा निम्मा हिस्सा तुझा आणि बोर्डवर तुझं नाव, माझ्याबरोबरीने. काकांशी मी बोललो. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. शुक्रवारी रंगारी येणार आहे. वरचे प्रोसेसर परत देऊन तुझे मधले घेऊ, कार्डं घेऊ, सगळं तुझ्या यादीप्रमाणे.

येशील ना? पोरं आता येईनाशी झालीत.

तुझा दादा


नाशिक रोड,
१८ नोव्हेंबर

ओमदादा,

खरं लिहिलंस, हे पहिलंच पत्र. ते मी ठेवून घेतलं आहे.

पण ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीची असते. साडी द्यावी, नाहीतर नुसती सुपारी टाकावी. निम्मं दुकान गेल्या दिवाळीपासून माझंच होतं. ते तू माझ्याकडून घेतलंस, दसऱ्याला मिरवलंस, आणि गिऱ्हाईक तुटल्यावर आता माझ्याच ताटात घालतोयस. वर मी तुला ओवाळायचं.

माझं नाव बोर्डवर असावं असं तुला वाटलं असतं, तर ते चारशे माणसं आली त्या दिवशी वाटलं असतं. रंगाऱ्याला परत पाठव.

प्रोसेसर वापरलेले आहेत, परत घेतले जाणार नाहीत. ते राहू देत. चार मशिनांना यादीतली कार्डं घाल, बाकीची चार झाकून ठेव. चार नीट चालली तर पोरं परत येतील. पैसे आले की उरलेल्यांना घाल. बोर्डवरचा आकडा पुसून टाक. हा सल्ला मी कोणत्याही गिऱ्हाइकाला दिला असता, तुलाही देतेय.

आप्पांना सांग, रविवारी मी मळ्यात येईन, त्यांना भेटायला. दिंडोरीचा विषय काढायचा नाही, हेही सांग.

तुझी ऑर्डर आली की कार्डं बसवून मिळतील. बसवायला कोण येईल ते विचारू नकोस. ते ठरवणं आता माझं काम आहे.

निकिता